वऱ्हाडातला ‘ऱ्ह’

मराठी शाळेत ‘र’ चार तऱ्हांनी जोडायला शिकवतात. ‘सूर्य’मध्ये तो रफार होऊन डोक्यावर बसतो, ‘प्रेम’मध्ये तिरकी रेघ होऊन पोटाला लागतो, ‘राष्ट्र’मध्ये छपरासारखा होऊन पायाशी जातो आणि ‘वऱ्हाड’मध्ये आडव्या कोरीसारखा शिरोरेषेखाली, पुढच्या अक्षराच्या डाव्या अंगाला बिलगतो. पहिल्या तीन तऱ्हा हिंदीतही आहेत. चौथीची हिंदीला गरज पडत नाही, मराठीला मात्र ती टाळता येत नाही. समुद्र तो दर्या आणि डोंगरातल्या त्या दऱ्या; विद्यापीठातले मानधन आचार्यांना द्यायचे आणि लग्नातले आचाऱ्यांना. अमरावती-अकोल्याकडच्या माणसाचे तर या कोरीवाचून पानही हलत नाही. त्याच्या प्रदेशाचे नाव वऱ्हाड, शेतात पऱ्हाटी, हातात कुऱ्हाड, आणि सरकारी पत्रकात तो ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात.

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना अक्षररचना शिकवताना पहिला प्रकल्प म्हणून मी हे एकच जोडाक्षर देते. आधी गावात हिंडून ते जमवायचे, मग बोरूने लिहायचे, मग पेन्सिलने रेखायचे आणि शेवटी संगणकावर उभे करायचे. पोस्टर, बोधचिन्ह, पुस्तकाचे मुखपृष्ठ हे सगळे त्यानंतर. मुलांना सुरुवातीला हा प्रकल्प फारच किरकोळ वाटतो. जमवायला बाहेर पडली की तीनचार दिवसांत त्यांच्या लक्षात येते, की आपण एका प्रांताचा इतिहास गोळा करतो आहोत.

इतिहास असा. ‘आईन-इ-अकबरी’तल्या सुभ्याचे नाव बरार, इंग्रजांनी त्याचेच बेरार केले. निजामाशी १९०२ साली झालेल्या कराराने वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले. तेव्हापासून १९५६ पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, आमची राजधानी नागपूर आणि शेजार हिंदीचा. हिंदीत प्रांताचे नाव ‘बरार’ असे सरळ तीन अक्षरांत लिहून होते. एकाच भूभागाची दोन नावे, त्यांतले एक कोणत्याही देवनागरी छापखान्यात जुळवता येणारे आणि दुसऱ्यासाठी मराठी टाइपच हवा, अशी ही स्थिती होती. आजही इथल्या जुन्या पाट्यांवर मराठी वळणाच्या ‘अ’, ‘ल’, ‘श’ शेजारी उत्तरेकडच्या वळणाची तीच अक्षरे नांदताना दिसतात. बाहेरच्या माणसाला तो गोंधळ वाटेल. मला ती वऱ्हाडाची खरी लिपी वाटते.

शिशाच्या टाइपाच्या काळात ‘ऱ्ह’ सुखात होता. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ मध्ये टाइपाचा कारखाना काढला आणि पुढे निर्णयसागरच्या अक्षरांनी मराठी डोळ्याला वळण लावले. मराठी टाइपाच्या पेटीत या कोरीचा वेगळा खिळा असे. जुळाऱ्याने तो उचलायचा आणि ‘ह’च्या किंवा ‘य’च्या आधी बसवायचा, एवढेच काम. एकोणिसाव्या शतकात अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघत असे. ज्या पत्राच्या मथळ्यातच हे जोडाक्षर आहे, त्याला त्या खिळ्याशिवाय पहिले पानही छापता आले नसते. देवनागरीची पेटी कित्येक शे खिळ्यांची, म्हणून ती आटोक्यात आणण्याचा ध्यास टिळकांपासून अनेकांनी घेतला. हरि गोविंद गोविल यांनी १९३०च्या दशकात देवनागरी लायनोटाइपला नेली तेव्हा तर सगळा संसार नव्वद कळांच्या पाटावर मांडायचा होता. अशा प्रत्येक काटकसरीत पहिला प्रश्न एकच असतो: कोणाचे अक्षर ठेवायचे आणि कोणाचे सोडायचे?

छापखान्याबाहेर वऱ्हाडातल्या मुलांची अक्षरांशी गाठ पडली ती चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांतून. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्हींत भूमितीच्या जोडीला अक्षरलेखन असते. डिझाइन हा शब्द ज्या घरांत कोणी ऐकलेला नव्हता, त्या घरांतल्या हजारो मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘अक्षर रेखले’ ते या पेपरात. या परीक्षेचे ऋण मी मोठे मानते. तिची एक खोडही सांगितली पाहिजे. आधी चौकट आखायची, तिचे समान भाग पाडायचे आणि सारख्या जाडीच्या पट्ट्यांनी अक्षर भरायचे, ही रीत मुळात रोमन मोठ्या अक्षरांची. ‘ट’ आणि ‘प’ तिच्यात निमूट बसतात. ‘ऱ्ह’ बसत नाही. कोरीला जागा द्यावी तर ‘ह’ चेपतो, ‘ह’ला मोकळे सोडावे तर कोर चौकटीबाहेर जाते. मुले मग पट्टीने तिला काटकोनात वाकवतात आणि ती खुंटीसारखी दिसू लागते.

या कोंडीतून बाहेर काढतो तो बोरू. देवनागरीच्या बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरके तासतात. त्यामुळे खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी रेघ जाड येते आणि तिला छेदणाऱ्या दिशेची बारीक. रोमनमध्ये नेमके याच्या उलट. बाजारात मिळणारी रुंद टोकाची पेने बहुतेक रोमनसाठी केलेली. त्यांनी देवनागरी लिहिली की अक्षर वाचता येते, पण त्याचे वजन भलत्या अंगावर पडते. बोरू हातात आला की कोर कुठे जाड आणि कुठे निमुळती करायची हे मुलांना विचारावे लागत नाही. एका श्वासात ती उतरते आणि ‘ह’ तिच्या मागून आपोआप सरकून बसतो.

ही दृष्टी अभ्यासक्रमात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने र. कृ. जोशी यांचे. मुंबईच्या जे. जे.त १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९५८ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. त्या परंपरेतून आलेले जोशी जाहिरातक्षेत्रात बरीच वर्षे काढून १९८३ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायला गेले. अक्षर आधी हाताने, श्वासाने, अंगाने लिहायचे आणि मग त्याचा टाइप करायचा, हा त्यांचा आग्रह. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच. पवईत आणि जे. जे.त जे घडले ते वऱ्हाडात मात्र उशिरा आणि पाझरत आले. तोवर इथे फ्लेक्स येऊन पोचला होता.

फ्लेक्सने काय केले ते अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाताना धाब्यांच्या पाट्यांवर वाचता येते. पेंटरने ब्रशने रंगवलेल्या जुन्या पाटीवर ‘वऱ्हाडी ठेचा’ असतो. फ्लेक्सवर बरेचदा ‘वर्हाडी ठेचा’, रफारासकट. पेंटर कमी शिकलेला असेल, पण त्याच्या हाताला कोर ठाऊक होती. संगणकावर बसणाऱ्या मुलाला ती कोणत्या कळीखाली आहे हे कोणी सांगितलेले नसते. इन्स्क्रिप्ट पाटावर जे या कळीवर ‘र’ असतो. शिफ्ट दाबून तीच कळ मारली की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो आणि त्याला हलन्त दिला की कोर तयार होते. दहा सेकंदांचा धडा आहे.

युनिकोडमधली कथा आणखी गमतीची. तिथे ‘ऱ’ची नोंद द्राविडी भाषांतला ‘र’ लिप्यंतरित करण्याचे अक्षर म्हणून आहे, आणि त्याच्या अर्ध्या रूपाने मराठी व नेवारीची कोर काढावी असा नियम आहे. वऱ्हाडाचे नाव असे दक्षिणेच्या खात्यातून निघते. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच कोर साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन काढत, आणि तीही रीत चालू ठेवली आहे. दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘वऱ्हाड’ डोळ्याला अगदी सारखा दिसतो, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. साध्या शोधात एक सापडतो तेव्हा दुसरा हाती लागेलच असे नाही. रफाराचा ‘वर्हाड’ धरला तर तीन. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ मराठीसाठी प्रमाण केला, ते योग्यच झाले. पण ‘ल’ कुठल्याही वळणाचा असला तरी वाचला जातो. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले की अर्थच पालटतो.

माझ्या एका विद्यार्थ्याचे गाव तिवसा तालुक्यातले कुऱ्हा. प्रकल्पासाठी अक्षरे जमवताना त्याने घरातली कागदपत्रेच पुढे ठेवली. एका दाखल्यावर कुऱ्हा, दुसऱ्यावर कुर्हा, आणि आजोबांच्या हातच्या वहीत कोर अशी झोकदार, की ती ‘ह’च्या पोटाखाली जाऊन परत वर आली होती. त्याने तीच वळण म्हणून घेतली. मोठ्या आकारात ती देखणी दिसे. बातमीच्या मजकुराएवढी लहान केली की कोर आणि ‘ह’ यांच्यामधली पांढरी फट बुजून काळा ठिपका उरायचा. मग त्याने कोर थोडी वर उचलली, शेपूट आखूड केले, ‘ह’ केसभर उजवीकडे सरकवला. पुन्हा छापून पाहिले, पुन्हा सरकवला. असे सतरा कागद त्याने भिंतीला लावले. आजोबांचे वळण सतराव्या कागदावर ओळखू येते की नाही यावर वर्गात बराच वाद झाला. मला ते येते असे वाटते. त्याला अजून खात्री नाही, आणि तो अठरावा काढतो आहे.