‘पित्त झालंय’ म्हणून सोडून देऊ नका : पोटाचे नेहमीचे आजार आणि त्यांच्या तपासण्या

पोटात जळजळलं, दुखलं, फुगलं की आपल्या घरांत उत्तर तयार असतं : ‘पित्त झालंय’ नाहीतर ‘गॅस धरलाय’. मग थंड दूध, सोडा किंवा मेडिकलमधून आणलेली गोळी. बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतंही. पण या दोन शब्दांखाली वेगवेगळे आजार लपतात आणि प्रत्येकाची तपासणी, उपचार निराळे असतात. त्यांची ओळख व्हावी म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

छातीत जळजळ आणि अल्सर

जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येतं तेव्हा छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवं होणं, वाढलेलं वजन, तंबाखू आणि सिगारेट यांनी ते वाढतं. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवलं तरी पुष्कळांना आराम पडतो.

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेली जखम. तिखट खाल्ल्याने अल्सर होतो हा समज खरा नाही. त्याची मुख्य कारणं दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू आणि सांधेदुखी-डोकेदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन त्यांनी जठराला सूज येते हे दाखवलं. २००५ मध्ये त्यांना आणि डॉ. रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. अशा अल्सरवर नुसती पित्ताची गोळी पुरत नाही, अँटिबायोटिक्सचा कोर्स लागतो. बरं वाटलं म्हणून तो मध्येच सोडला तर जंतू उरतात आणि तीच औषधं पुढे कमी लागू पडतात.

पित्ताशयातले खडे

इथे आपल्या शब्दाचा घोळ होतो. ‘पित्ताने’ छातीत जळजळतं म्हणतो ते जठरातलं आम्ल, तर खडे होतात ते यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाचे. तळलेलं, तेलकट जेवण झाल्यावर उजव्या बरगडीखाली जोरात दुखतं, कळ पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते आणि तासन्‌तास राहते. पोटाची सोनोग्राफी केली की खडे बहुधा दिसतात. ती उपाशीपोटी करतात, तिला सुई लागत नाही आणि दुखतही नाही.

त्रास नसलेल्या खड्यांचं सहसा ऑपरेशन करत नाहीत. त्रास होत असेल तर दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. पित्तरस यकृतात तयार होतच राहतो, म्हणून पित्ताशयाशिवाय पचन चालतं. खडा पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते. तेव्हा तोंडातून दुर्बीण घालून तो काढतात, त्या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. कावीळ म्हणून फक्त झाडपाल्याचं औषध घेत बसू नये, ते याच कारणासाठी.

शौचातून रक्त

रक्त दिसलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसतात, विशेषतः घरातल्या बायका. बहुतेकदा मूळव्याध किंवा फिशरच निघतं. पण आतड्यातली गाठ, सूज किंवा कॅन्सरही असू शकतो आणि बाहेरून फरक कळत नाही. लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागा, पण तपासणी टाळू नका.

पोटदुखीबरोबर बारीक ताप आणि घटणारं वजन असेल तर आतड्याचा टीबीही तपासावा लागतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

दुर्बिणीची तपासणी कशी होते?

एंडोस्कोपी : सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं. घशात बधिर करणारा स्प्रे मारून किंवा गुंगीचं इंजेक्शन देऊन कॅमेऱ्याची बारीक नळी तोंडातून जठरापर्यंत नेतात. एरवी पाच-दहा मिनिटांत होतं. गरज वाटली तर कणभर तुकडा काढून तपासायला पाठवतात. ‘तुकडा काढला म्हणजे कॅन्सर’ असं नसतं. जंतू आहेत का हेही त्यातूनच कळतं.

कोलोनोस्कोपी : अशीच कॅमेऱ्याची नळी गुदमार्गातून मोठ्या आतड्यात नेतात. आदल्या दिवशी हलका आहार आणि पोट साफ करणारं औषध भरपूर पाण्यातून घ्यावं लागतं. शौचाला साफ पिवळट पाणी होईपर्यंत तयारी पुरी झाली असं समजू नये, नाहीतर गाठ नजरेतून सुटते. लहान गाठ असेल तर ती त्याच वेळी काढता येते. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. गुंगी दिली असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी न्या.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तरी विचारून घ्या)
- अन्न गिळताना अडकणं
- कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं
- डोळे पिवळे होणं
- पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास

छातीत दडपण, घाम, हात किंवा जबड्यात कळ असेल तर ‘गॅस’ म्हणून सोडा पीत बसू नका. तो हार्ट अटॅक असू शकतो, लगेच दवाखान्यात ईसीजी काढा.

रमजानमध्ये

साधी जळजळ असेल तर इफ्तारला तळलेले पदार्थ कमी करा, सहरी करून लगेच झोपू नका. अल्सरमधून रक्त गेलेलं असेल किंवा औषधांचा कोर्स चालू असेल तर रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाला सवलत आहे, सुटलेले रोजे बरं झाल्यावर कजा करता येतात. साधी तपासणी ईदनंतर ढकलली तर चालेल, पण वरच्या खुणा असतील तर ईदची वाट पाहू नका.

खर्चाचं काय?

जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत यातल्या अनेक तपासण्या कमी खर्चात होतात. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे यादीतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट जवळ ठेवा.