लघुग्रह क्रमांक ६७: ‘आशिया’

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यात ‘आशिया’ नावाचा सुमारे ६० किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह फिरतो. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी तो शोधला. सरकारी खगोलवेत्ते म्हणून ते त्याच वर्षी इंग्लंडहून आले होते. छायाचित्रांवरून लघुग्रह हुडकण्याचे युग अजून तीस वर्षे दूर होते. ताऱ्यांचा नकाशा समोर ठेवून रात्रीमागून रात्र आकाश पडताळायचे आणि नकाशात नसलेला, जागा बदलणारा ठिपका वेचायचा, एवढाच मार्ग होता. पुढे निरनिराळ्या रात्रींच्या वेधांवरून कक्षेचे गणित मांडायचे. ‘आशिया’ सूर्यापासून २९ ते ४३ कोटी किलोमीटरच्या दरम्यान राहतो आणि एक फेरी पावणेचार वर्षांत पुरी करतो.

आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून हे नाव. ग्रीक पुराणांत आशिया ही सागरकन्याही असल्याने स्त्रीदेवतांची नावे देण्याचा तेव्हाचा संकेतही सांभाळला गेला. नाव चपखल खरे; पण आमच्या मते तो खंडाचा गौरव नसून दुर्बिणीचा पत्ता आहे. पॉगसन यांनी मद्रासहून एकूण पाच लघुग्रह शोधले: आशिया, सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि व्हेरा. यांत एकही नाव तमिळ वा संस्कृत नाही. (त्यांनी १८५६ साली ऑक्सफर्डला शोधलेल्या पहिल्या लघुग्रहाचे ‘आयसिस’ हे नाव त्यांच्या कन्येचेही होते. ही कन्या १८७३पासून मद्रासच्याच वेधशाळेत साहाय्यक होती.)

याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे पॉगसन यांचे भारतीय साहाय्यक होते. १८६७ साली त्यांनी एका ताऱ्याचे रूपविकारी असणे ओळखले. रूपविकारी ताऱ्यांना नाव मिळत नाही, अक्षर मिळते. त्यामुळे जालक तारकासमूहातील हा तारा केवळ ‘आर’ म्हणून नोंदला गेला. सुमारे २७८ दिवसांच्या अंतराने तो उजळतो व मावळतो. गंमत अशी की, ‘आशिया’ नावाचा लघुग्रह लंडनहूनही दिसू शकतो. रघुनाथाचारींचा तारा मात्र इतका दक्षिणेला आहे की तो इंग्लंडच्या क्षितिजावर कधी येतच नाही. मद्रासहून तो दक्षिणेला क्षितिजापासून चौदा-एक अंश वर येतो.