धोक्याच्या भोंग्याचं कूळ

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या दिघोरीच्या भागात भोंगा म्हटलं की लग्नाचा मांडव आठवतो, नाहीतर दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आणि रात्रभर चाललेलं नाटक. विमान येतंय म्हणून वाजणारा भोंगा वेगळ्या कुळातला. त्याच्या प्रत्येक पिढीमागे मेलेल्या माणसांचा हिशेब आहे.

यंत्र तसं साधं. खाचा पाडलेला ढोल, भोवती तसंच खाचांचं कवच, मध्ये मोटर. ढोल फिरला की हवा तुकड्या-तुकड्यांनी बाहेर फेकली जाते आणि तिचा सूर होतो. मोटर वेग घेते तसा सूर चढतो, बटण सोडलं की उतरतो. पोटात गोळा आणणारा तो चढउतार म्हणजे बटण दाबण्या-सोडण्याचा खेळ. धोका टळला की एकसुरी आवाज.

फ्रान्समध्ये 1819 सालीच असं यंत्र बनलं होतं, पण सुराची कंपनं मोजायला. विमानातून पहिला बॉम्ब पडला 1911 साली, लिबियात, टाकणारे इटलीचे. पहिल्या महायुद्धात लंडनवर हल्ले सुरू झाले तरी इशारा द्यायला सरकार राजी नव्हतं. लोक घाबरतील, कारखाने बंद पडतील, ही काळजी. 13 जून 1917 रोजी भरदिवसा झालेल्या हल्ल्यात 162 माणसं मेली. त्यात लंडनच्याच पॉप्लर भागातल्या शाळेतली 18 मुलं, बहुतेक पाचेक वर्षांची. पुढच्या महिन्यात आणखी एक हल्ला झाला, तेव्हा कुठे इशारे सुरू झाले. तेही कसे, तर छातीवर पाटी अडकवलेले सायकलस्वार पोलीस. धोका टळल्याचं सांगायला बालवीर बिगुल वाजवत.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत भोंगे गल्लोगल्ली आले. पण नुसत्या आवाजानं माणूस वाचत नाही. 23 डिसेंबर 1941 ला रंगूनवर जपानी विमानं आली, तेव्हा लोक आडोसा सोडून रस्त्यात उभे राहून आकाशाकडे बघत होते. मेलेल्यांत भारतीय मजूर पुष्कळ. वाचलेल्यांतले बरेच भारतीय चालत भारताच्या वाटेला लागले. हिरोशिमात तर लोकांना सवय होती आणि भोंगाही चोख होता. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी 7 वाजून 9 मिनिटांनी इशारा झाला, 7:31 ला धोका टळल्याची खूण झाली. लोक कामाला लागले. बॉम्ब पडला सव्वाआठला.

आणि ज्याला पळताच येत नाही त्यानं काय करायचं? 1965 च्या सप्टेंबरात जोधपूरच्या तुरुंगावर पाकिस्तानी बॉम्ब पडले, सुमारे 30 कैदी मेले.

आवाज ऐकल्यावर करायचं काय, हे शिकवण्याची देशातली मुख्य शाळा आपल्या शेजारी, नागपुरात होती. 1957 साली आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी संस्था म्हणून ती निघाली, 1968 पासून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. आग विझवणं, ढिगाऱ्यातून माणूस काढणं, जखमीला उचलणं इथे शिकवत. माझ्या मते भोंग्यापेक्षा जीव वाचवतं ते हेच.

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. सरावाच्या यादीत महाराष्ट्रातली 16 ठिकाणं होती: मुंबई, उरण, तारापूर, मनमाड, सिन्नर वगैरे. ज्या जिल्ह्यात जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्या भंडाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. नागपूरचंही नव्हतं.