सुरीची मूठ आणि लाकडाची निवड : शिसवीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मराठी माणूस माणसांविषयी वापरतो; तिच्यातील मूळ वस्तूकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. हत्यारांच्या इतिहासाचेही असेच झाले आहे. पोलाद, भट्टी, पाणी देण्याची कला, पात्याचा आकार यांवर विपुल लेखन झाले. पाते ज्याच्यामुळे हातात धरता येते त्या मुठीची नोंद बहुधा एखाद्या ओळीत आटोपली गेली. वस्तुतः पाते एका खाणीचा आणि एका भट्टीचा इतिहास सांगते, तर मूठ जंगलाचा, व्यापाराचा आणि कारागिराच्या हाताचा. प्रस्तुत निबंधात सुरीच्या मुठीसाठी देखणे व टिकाऊ लाकूड कोणत्या कसोट्यांवर निवडले गेले आणि त्या निवडीत शिसवीला महत्त्व का आले, याचा विचार केला आहे.

टिकाऊपणा म्हणजे नेमके काय?

‘कठीण लाकूड ते टिकाऊ’ असा सर्वसाधारण समज आहे. काठिण्य मोजण्याची आज रूढ असलेली पद्धत ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गाब्रिएल यांका यांनी १९०६ मध्ये मांडली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी निम्म्यापर्यंत लाकडात रुतविण्यास किती बल लागते, हे तीत मोजले जाते. या मापाने शिसवी सुमारे २४४० पौंड-बल, तर युरोपीय बीच सुमारे १४५० भरते. परंतु हा आकडा मुठीच्या टिकाऊपणाविषयी थोडेच सांगतो. मूठ सहसा दाबाने चेपत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, तडकते आणि पात्यापासून सुटते. म्हणून लाकूड किती कठीण यापेक्षा ते किती ‘हलते’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही; आडव्या दिशेने मात्र आकसते, आणि तेही सर्वत्र सारखे नाही. वाढीच्या वर्तुळांना समांतर होणारे आकुंचन केंद्राकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत बीचमध्ये ही प्रमाणे सुमारे १२ व ६ टक्के, तर शिसवीत सुमारे ६ व ३ टक्के आढळतात. दोन फळ्या रिव्हेटने पात्याच्या शेपटीवर बसविलेली मूठ कच्च्या लाकडाची असेल, तर काही महिन्यांत लाकूड आत सरकते, पोलादाची कड तळव्याला बोचू लागते आणि रिव्हेटभोवती चीर दिसते. पोलाद आकसत नाही, लाकूड आकसते. मुठीसंबंधीचे बहुतेक शहाणपण या विसंगतीतून जन्माला आले आहे.

दुसरी कसोटी लोखंडाशी पटण्याची. ज्या लाकडात टॅनिन अधिक, ते ओलाव्यात लोखंडाला काळे पाडते. पोलाद गंजते आणि लाकडावर निळसर काळे डाग उमटतात. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत, तीच ही रासायनिक क्रिया. ओकसारखे मजबूत लाकूड ओलाव्यात वापरावयाच्या पोलादी सुरीला गैरसोयीचे ठरते ते याच कारणाने.

शेफिल्ड : मुठींची बाजारपेठ

इंग्लंडमधील शेफिल्डची ख्याती जुनी आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या एका कथेतील गिरणीवाला शेफिल्डची सुरी बाळगतो. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तेथील कारागिरांचा संघ स्थापन झाला. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन याने मुशीतील पोलादाची पद्धत रूढ केली आणि पात्याची प्रत उंचावली. घडविणारा, धार लावणारा आणि मूठ बसविणारा असे तीन वेगळे व्यवसाय तेथे होते. आपल्याकडील लोहार व सुतार या बलुतेदारांतील कामाची वाटणी आठवावी. फरक इतकाच, की शेफिल्डचा मूठ बसविणारा आपल्या गावच्या रानावर अवलंबून नव्हता. साम्राज्याचा व्यापार त्याच्या दारी हस्तिदंत, सांबरशिंग, शिंपला, आबनूस, तुर्कस्तान व कॉकेशसकडील बॉक्सवुड आणि भारतातील शिसवी आणून टाकीत होता.

या विपुलतेतून एक उतरंड तयार झाली. श्रीमंतांच्या भोजनाच्या सुऱ्यांना हस्तिदंत, खाटकाच्या सुरीला साधे बीच आणि मधल्या थरातील चांगल्या सुऱ्यांना आबनूस किंवा शिसवी. बीच स्वस्त होते म्हणून खाटकाच्या वाट्याला आले हे खरे. परंतु गुळगुळीत न केलेले बीच चरबीने माखलेल्या हातातही पकड देते, हेही तितकेच खरे. फ्रान्समधील साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास घडविलेली शेतकऱ्याची घडीची सुरी आजही मुख्यतः बीचच्याच मुठीत मिळते. आबनूस काळाभोर, जड व झिलई घेणारे, परंतु वाळताना तडकण्याची त्याची खोड कारागिरांना डोकेदुखी होती. शिसवीने दोन्ही बाजू साधल्या. जांभळट तपकिरी गाभ्यावरील काळ्या रेषा डोळ्याला सुखावतात, अंगची तेले व राळयुक्त द्रव्ये पाणी आणि कीड दूर ठेवतात, आकुंचन कमी. मात्र ही तेलेच सरसाला व गोंदाला धरू देत नाहीत. त्यामुळे शिसवीची मूठ केवळ चिकटवून भागत नाही, रिव्हेट लागतात. मुठीवर दिसणारे पितळी ठिपके शोभेसाठी असतात, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या देखणेपणाची किंमत कारागिरानेही मोजली. शिसवीच्या कुळातील लाकडांचा, विशेषतः मध्य अमेरिकेतील कोकोबोलोचा, भुसा त्वचेला व श्वासमार्गाला त्रासदायक असतो. अनेकांच्या अंगावर पुरळ उठते. शेफिल्डच्या इतिहासात धार लावणाऱ्यांचा फुप्फुसाचा रोग प्रसिद्ध आहे आणि त्याची भीषणता निर्विवाद आहे. मूठ घासणाऱ्याच्या त्रासाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

जपानी अपवाद

कठीण व तेलकट लाकूडच श्रेष्ठ, हा नियम मानावा तर जपानी स्वयंपाकघरातील सुरी तो मोडते. तेथे मुठीसाठी ‘हो’ नावाच्या मॅग्नोलियाचे मऊ, हलके, फिकट लाकूड वापरतात आणि तोंडाशी बहुधा म्हशीच्या शिंगाचे कडे बसवितात. पात्याची शेपटी तापवून मुठीत ठोकली जाते. मूठ झिजली की बदलतात. तलवारीच्या म्यानासाठीही हेच लाकूड, कारण त्यात राळ कमी आणि पात्याला ते अपाय करीत नाही. येथे टिकावयाचे आहे ते पाते. मूठ जाणारच, असे गृहीत धरले आहे. एका मुठीने पिढ्यान्‌पिढ्या पुरावे ही अपेक्षा सार्वत्रिक नाही, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रातील निवड

आपल्याकडील शेतकऱ्याने शिसवीचा मोह फारसा धरला नाही. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, अवजारांना व गाडीला बाभूळ आणि तिवस, ही निवड अनुभवातून आलेली होती. धावड्याचे तंतू लवचिक व चिवट. घावाचा हादरा ते पचवितात. सुरीची मूठ हादरा सोसत नाही, ती ओल सोसते; म्हणून दांड्याचे उत्तम लाकूड मुठीचे उत्तम लाकूड असेलच असे नाही. विळा-खुरप्याच्या मुठीत तापविलेली शेपटी ठोकण्याची रीत मात्र जपानी पद्धतीशी जुळते.

शिसवीबाबत आणखी एक अडचण होती. मुंबई इलाख्यात साग, शिसव आणि चंदन ही झाडे खातेदाराच्या जमिनीत असली तरी अनेक ठिकाणी सरकारने आपल्याकडे राखून ठेवली होती. स्वतःच्या बांधावरील झाडाची फांदी विळ्याच्या मुठीसाठी तोडणे हा अशा ठिकाणी गुन्हा ठरू शकत होता. त्याच शतकात मुंबईच्या कारखान्यांतून कोरीव शिसवी फर्निचर ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांत पोहोचत होते. लाकूड एकच, एकाला ते वैभव होते, दुसऱ्याला निषिद्ध. शेतकऱ्याने शिसवी वापरली नाही यात आवड किती आणि कायद्याचा धाक किती, हे तपासल्याखेरीज ‘परंपरा’ हा शब्द वापरू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

टंचाई आणि नियमन

हॅरी ब्रेअरली याने १९१३ मध्ये शेफिल्डमध्ये गंजरोधक पोलाद तयार केले. पाते आता निर्धास्तपणे पाण्यात बुडविता येऊ लागले आणि लाकडी मूठ हीच सुरीची दुबळी बाजू ठरली. राळेत मुरविलेले लाकूड आणि प्लास्टिक यांनी व्यावसायिक स्वयंपाकघरातून तिला बहुतांशी हटविले. मात्र हौशी व उंची सुऱ्यांत शिसवीकुळाची प्रतिष्ठा वाढतच गेली. फर्निचर आणि वाद्ये यांच्या तुलनेत मुठींना लागणारे लाकूड अल्प असले, तरी निर्बंध आले ते सर्वांवर. ब्राझीलची शिसवी १९९२ मध्ये साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेने डालबर्जिया हे संपूर्ण कुळ दुसऱ्या परिशिष्टात घातले आणि २ जानेवारी २०१७ पासून ते लागू झाले.

त्यामुळे सहारनपूरसारख्या ठिकाणी शिसू वापरणाऱ्या हस्तव्यवसायालाही परवान्यांची अट लागली. वस्तुतः शिसू उत्तर भारतात सर्वत्र लावला जाणारा, वेगाने वाढणारा वृक्ष; दक्षिणेची शिसवी मात्र आंतरराष्ट्रीय यादीत ‘असुरक्षित’ गणली जाते. केंद्र सरकारच्या २०२२ मधील निवेदनानुसार वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांची निर्यात या नियमानंतर ५०० ते ६०० कोटींवर आली आणि सुमारे ५०,००० कारागिरांवर परिणाम झाला. त्याच वर्षीच्या पनामा परिषदेत शिसूच्या दहा किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक वस्तूस, खेपेत वस्तू कितीही असल्या तरी, परवान्यावाचून निर्यातीची मुभा मिळाली.

अडचण उरते ती नावाची. बाजारात दोन्ही लाकडांना सर्रास ‘शिसम’ म्हणतात. घासून, तेल पाजून, रिव्हेट ठोकलेल्या मुठीकडे नुसते पाहून ती लावलेल्या शिसूची की सह्याद्रीतील शिसवीची, हे खात्रीने सांगणे जाणत्यालाही कठीण जाते. सूक्ष्मदर्शकाखालील रचना किंवा रासायनिक परीक्षण यांचाच आधार घ्यावा लागतो.