गोव्याचे खाजन बांध आणि मानस
मांडवी आणि जुवारी नद्यांच्या मुखांतून समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत चढते. भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा काठचा चिखलट पट्टा मुळात खारफुटीचा होता. त्याला बांध घालून जी भातशेते काढली, ती गोव्याची खाजने. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटांतही अशा जमिनीचा उल्लेख सापडतो. तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा आणि इतर भागांतली खाजने मिळून सुमारे 18 हजार हेक्टर भरतात.

खाजनाची पातळी भरतीच्या रेषेखाली, पण ओहोटीच्या रेषेवर असते. सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. बाहेरचा बांध चिखल आणि पेंढा थरावर थर चोपून घातलेला, लाटेच्या बाजूला जांभ्या दगडाने बांधून काढलेला. त्याच्यापुढे खारफुटीची एक रांग मुद्दाम राखलेली असे, कारण लाटेचा पहिला मार ती खाई आणि गाळही धरून ठेवी. बांधात ठरावीक जागी ‘मानस’ म्हणजे लाकडी झडपांचे दार असते. भरती बाहेरून रेटते तेव्हा झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आत साठलेले पाणी त्यांना ढकलून नदीत उतरते. ना पंप लागतो, ना पहारा. दाराच्या आतल्या बाजूला शेतांपेक्षा खोल ‘पोंय’ असते. बाहेर भरती असताना पावसाचे पाणी तिथे थांबते, म्हणून ते शेतात पसरत नाही.

पावसाळ्याचे पहिले पाणी जमिनीतले मीठ धुऊन मानसावाटे बाहेर काढते. मग खारेपणा सोसणारे, उंच वाढणारे कोरगुट भात पेरतात. कापणीनंतर तेच दार उलट्या कामाला लावले जाते. खारे पाणी बेताने आत घेतले की त्याबरोबर कोळंबीची आणि माशांची पिल्ले येतात. पोंयीत ती वाढतात आणि ओहोटीला मानसाच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागरे चालत. खारे पाणी आत घेऊन जमीन ओली ठेवण्याला आणखी एक कारण होते. खारफुटीच्या चिखलात गंधकाची संयुगे असतात. तो पुरता वाळला की हवा लागून आम्ल तयार होते आणि पीक बसते. समुद्र पुरता बाहेर ठेवणारी योजना इथे जमीनच नासवते. खाजन घडवणाऱ्यांना रसायन ठाऊक नसेल, परिणाम मात्र पक्के ठाऊक होते.

बांध टिकला तो गावकरीमुळे, म्हणजे गावाची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या संस्थेमुळे. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, तिसवाडीतल्या गावकरीच्या जुन्या चालीरीती नोंदवून घेतल्या. पुढे याच संस्थेला कोमुनिदाद म्हणू लागले. जमिनीचा आणि मानसावरच्या मासेमारीचा लिलाव होई, आलेल्या पैशातून बांधाची डागडुजी चाले. खेकड्याचे बीळ वेळीच बुजवले नाही तर पाणी त्यातूनच वाट काढते आणि एका उधाणात खिंडार पडते. खारे पाणी शिरलेली शेते त्या वर्षी पिकत नाहीत. त्यामुळे डागडुजी ही उपकाराची बाब नव्हती, त्यात प्रत्येकाचे भात अडकलेले असे.

1964 च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाले. ते न्याय्यच होते, पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादकडून कुळांच्या संघटनांकडे जाताना बरीच सैल झाली. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटा काठ कातरू लागल्या. मासळीला चांगला भाव येऊ लागला तशी भातासाठी मानस वेळेवर मिटेना.

वाहतुकीच्या बांधकामांचा धडा इथे समोरासमोर दिसतो. पणजी आणि रायबंदर यांच्यामधल्या खाजनावरून 1633-34 मध्ये पोंते द लिन्यारेस हा लांब पूल-रस्ता झाला. त्याच्या कमानींखालून पाणी ये-जा करत राहिले. 1990 च्या दशकात कोकण रेल्वेचा मार्ग खाजनांतून नेण्यावरून गोव्यात मोठे आंदोलन उभे राहिले. मातीचा सलग भराव आतल्या पाण्याच्या वाटा तोडतो, हा आक्षेप त्यातला एक होता. तरी मार्ग बव्हंशी तोच राहिला.

2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यासाठी वेगळी तरतूद केली: खाजनांचे नकाशे तयार करावेत, त्यांवर बांधकाम होऊ नये, लगतची खारफुटी राखावी. पेच मात्र उरतो. बांध फुटून पडीक राहिलेल्या खाजनात काही वर्षांत खारफुटी माजते आणि ती तोडायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे तिथे पुन्हा भात घ्यायचे असेल तर बांध उभारण्याच्या खर्चाआधी परवानगीचा प्रश्न येतो.