कंधारचा भुईकोट : राजनगरी, लष्करी ठाणे, स्मारक

राष्ट्रकूट राजे 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरवीत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. तेथून ईशान्येला, नांदेड जिल्ह्यातील मन्याड नदीच्या खोऱ्यात या राजघराण्याची दुसरी खूण आहे, ती म्हणजे कंधार.

तिसऱ्या कृष्णाच्या (इ. स. ९३९-९६७) काळात कंधारपूर भरभराटीला आले होते. येथील शिलालेखात देवालये व अन्नछत्रे यांना दिलेल्या दानांची नोंद आहे. गावालगतचा जगत्तुंग समुद्र हा तलावही राष्ट्रकूटांचाच वारसा होय. मात्र किल्ला 'राष्ट्रकूटकालीन' म्हणून ओळखला जात असला, तरी आज दिसणारी तटबंदी, तोफांसाठीचे बुरूज आणि रुंद खंदक हे बहुतांशी बहमनी व निजामशाही काळातील बांधकाम आहे. दानधर्माची नगरी या काळात लष्करी ठाणे बनली.

या ठाण्याची खरी कसोटी लागली ती शाहजहानच्या दख्खन मोहिमेत. १६३०च्या भीषण दुष्काळाने मुलूख होरपळलेला असतानाच मोगल सरदार नसीरी खानाने कंधारला वेढा घातला आणि १६३१ मध्ये किल्ला घेतला. हाच सरदार पुढे खान दौरान या किताबाने प्रसिद्ध झाला. १६३६ मध्ये त्याने उदगीर आणि औसाही घेतले. तिन्ही ठाणी एकाच सत्तेखाली आली, सरहद्द दक्षिणेकडे सरकली आणि कंधारचे लष्करी महत्त्व ओसरू लागले. पुढे आसफजाही राजवटीत किल्ला निजामाच्या ताब्यात राहिला तो थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत.

इंग्लंडमधील जहागीरदारांचे वाडे मालकांना परवडेनासे झाले, तेव्हा त्यांच्या शाळा, इस्पितळे आणि हॉटेले झाली. मराठवाड्यात अनेक गढ्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्यांची पांढरी माती धाब्याच्या घरांवर पसरण्यासाठी गावकऱ्यांनी खणून नेली. कंधारचा कोट दगडी, शिवाय भोवती पाण्याचा खंदक, म्हणून तो बचावला. आज तो राज्य पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत आहे. संरक्षणामुळे पाडापाड थांबते. नवा उपयोग मात्र आपोआप मिळत नाही.

त्यातल्या त्यात एक उपयोग झाला आहे. परिसरात सापडलेली जुनी शिल्पे किल्ल्यात आणून ठेवली आहेत. क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवशेषही कंधार परिसरातच मिळाले. राष्ट्रकूटांची नगरी केवढी होती, हे तटबंदीपेक्षा या तुकड्यांवरूनच अधिक कळते.