किल्ली-अडकण

किल्ली-अडकण हे दाराच्या कुलपात आतल्या बाजूने लावून ठेवलेली किल्ली बाहेरून फिरवता किंवा ढकलून पाडता येऊ नये यासाठी वापरले जाणारे साधे साधन आहे. सर्वांत जुन्या व सोप्या रूपात ते म्हणजे वाकवलेल्या तारेचा एक तुकडा असतो. तो दाराच्या मुठीवर अडकवतात आणि त्याची टोके किल्लीच्या मागच्या कड्यातून खाली सोडतात. इंग्रजीत त्याला 'की-फास्नर', 'की-गार्ड' अशी निरनिराळी नावे आहेत. मराठीत त्याला रूढ नाव नाही. अडवून धरणारी वस्तू या अर्थाच्या 'अडकण' या जुन्या शब्दावरून येथील नाव घेतले आहे. हे साधन प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्लंड, अमेरिका व युरोपातील घरांत आणि हॉटेलांत उपयोगाचे होते.

आरपार छिद्राचे कुलूप

अडकणीची गरज कुलपाच्या एका विशिष्ट रचनेतून निर्माण झाली. दारातच बसवलेले जुन्या पद्धतीचे कुलूप दोन्ही बाजूंनी एकाच किल्लीने उघडावे लागे. त्यासाठी किल्लीचे छिद्र दाराच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आरपार असे. अशा किल्लीला भरीव गोल दांडी, पुढच्या टोकाजवळ दात्यांचे पाते आणि मागे बोटांत धरण्यासाठी कडे असते. किल्ली आतून लावली की तिच्या दांडीचे टोक बाहेरच्या छिद्रापाशी येऊन पोहोचते, कधी किंचित बाहेरही डोकावते. पोकळ दांडीची किल्ली कुलपातील खुंटीवर बसते. तिचे कुलूप एकाच बाजूने उघडते व त्यात हा दोष नसतो. मात्र दोन्ही बाजूंनी वापरायच्या दाराला ती चालत नाही.

रात्री दार आतून बंद करून किल्ली कुलपातच ठेवण्याची सवय सर्वत्र होती, आणि ती गैर नव्हती. अंधारात किल्ली शोधावी लागत नाही, संकटकाळी दार झटकन उघडता येते, छिद्र बुजल्यामुळे बाहेरून कोणी डोकावू शकत नाही किंवा दुसरी किल्ली घालू शकत नाही. धोका एवढाच, की कुलूप उघडणारी खरी वस्तू चोराच्या हातापासून दाराच्या जाडीइतक्याच अंतरावर राहते.

किल्लीवर हल्ला करण्याच्या पद्धती

पहिली पद्धत चिमट्याची. लांब, निमुळत्या जबड्यांचा चिमटा बाहेरच्या छिद्रातून आत सरकवायचा, किल्लीच्या दांडीचे टोक त्यात पकडायचे आणि किल्ली फिरवायची. जबडे आतून पन्हळीसारखे पोकळ व खाचा पाडलेले असत, म्हणजे गुळगुळीत दांडीवरही पकड बसे. चोरांच्या बोलीत या हत्याराला इंग्लंडमध्ये 'आउटसायडर', म्हणजे बाहेरून काम करणारे, असे नाव होते. न्यूयॉर्कच्या गुप्तहेर पोलिसांचे प्रमुख थॉमस बर्न्स यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रोफेशनल क्रिमिनल्स ऑफ अमेरिका' या ग्रंथात हॉटेलांतील चोर अशा चिमट्याने खोल्या कशा उघडत याचे वर्णन आहे. काम झाल्यावर चोर त्याच चिमट्याने दार पुन्हा बंद करू शकत असे. सकाळी पाहुण्याला दार जसेच्या तसे बंद दिसे, आणि संशय बहुधा नोकरांवर जाई. निरपराध माणसावर येणारा हा आळ चोरीहून लहान अनर्थ म्हणता येणार नाही.

दुसरी पद्धत ढकलण्याची. दाराखालच्या फटीतून कागद आत सरकवतात, तारेने किल्ली आतल्या बाजूला ढकलतात व ती कागदावर पडली की कागद बाहेर ओढून घेतात. यासाठी किल्लीचे पाते छिद्राच्या रेषेत सरळ असावे लागते आणि दाराखाली पुरेशी फट असावी लागते. किल्ली खाली पडण्याचा आवाज होतो, म्हणून ही युक्ती झोपलेल्या माणसापेक्षा रिकाम्या घरावर अधिक चालते.

या दोन्ही पद्धतींत कुलपाच्या उत्तमपणाचा काहीच उपयोग होत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रॉबर्ट बॅरन (१७७८), जोसेफ ब्रामा (१७८४) आणि जेरेमाया चब (१८१८) यांनी इंग्लंडमध्ये कुलपांची रचना उत्तरोत्तर अवघड केली. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपासाठी मात्र त्याला अनेक दिवसांत विभागलेले सुमारे ५१ तास खर्चावे लागले. त्या घटनेची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. पण हे सर्व सामर्थ्य किल्लीवाचून कुलूप उघडू पाहणाऱ्याच्या विरुद्ध आहे. आत खरी किल्लीच लावलेली असेल, तर ती फिरवणारा हात मालकाचा की परक्याचा हे कुलपाला कळत नाही.

रचना व कार्य

तारेच्या अडकणीसाठी दाराची मूठ किल्लीच्या छिद्राच्या वर असावी लागते. जुन्या कुलपांत बहुधा तशीच मांडणी असते. ब्रिटिश पद्धतीच्या आधुनिक कुलपांत मुठीचा मध्य व किल्लीच्या छिद्राचा मध्य यांतील अंतर सामान्यतः ५७ मिमी असते. तारेची लांबी यापेक्षा थोडी अधिक घेतली की पुरते. केसांच्या आकड्यासारखी दुहेरी वाकवलेली तार मुठीच्या मानेवर, म्हणजे मूठ व दार यांमधील बारीक भागावर, वरून बसवतात. तिचे दोन्ही पाय खाली लोंबतात.

खुबी किल्लीच्या स्थितीत आहे. किल्ली आत घालताना व बाहेर काढताना पाते खाली असते आणि मागचे कडे उभे असते. कुलूप लावून झाल्यावर किल्ली आणखी पाव फेरा फिरवून ठेवली की कडे आडवे होते आणि तारेचे पाय त्याच्या भोकातून सरळ खाली जाऊ शकतात. यातून दोन कामे एकाच वेळी साधतात. पाते छिद्राच्या रेषेतून बाजूला गेल्यामुळे किल्ली ढकलून पाडता येत नाही. आणि कड्यातून उभी तार गेल्यामुळे ती फिरवताही येत नाही. किल्ली ढकलली जाऊ नये यासाठी खरे तर पाव फेराच पुरेसा असतो. तार त्या स्थितीला टिकवून धरते, एवढेच.

बारीक तार चिमट्याच्या जोरापुढे टिकते कशी, हा प्रश्न साहजिक आहे. चिमट्याची पकड दांडीच्या काही मिलिमीटर जाडीच्या टोकावर असते, तर तार किल्लीला अडवते ती अक्षापासून दूर, रुंद कड्याच्या कडेला. तरफेच्या नियमाने लांब भुजा घरमालकाच्या बाजूला येते. तार वाकण्यापूर्वी चिमटाच घसरतो.

बाहेरून मूठ फिरवून तार पाडता येईल काय? मुठीची मान गोल असते व तार तिच्यावर केवळ टेकलेली असते. मान आतल्या आत फिरते, तार वजनाने खालीच लोंबत राहते. तार मानेवर घट्ट आवळली तर उलट मुठीबरोबर तीही फिरू लागेल. म्हणून येथे सैलपणा हा दोष मानता येत नाही.

अन्य प्रकार

मुठीऐवजी दाराच्या फळीवर स्क्रूने बसवलेली, फिरून किल्लीच्या कड्यावर येणारी खाचेची पट्टी हा दुसरा प्रकार होय. मूठ दूर असलेल्या किंवा मूठच नसलेल्या दारांना ती सोयीची पडते. छिद्रावर आतून सरकणारे झाकण हा याचा जवळचा नातेवाईक. त्यात किल्ली काढून घेतलेली असते व छिद्रच बंद होते. काही कुलूपकारांनी किल्लीच्या दांडीचे टोक आखूड किंवा निमुळते ठेवून चिमट्याला पकडायला काही उरू न देण्याचा मार्ग पत्करला. एकस्वांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात किल्ली किंवा मूठ वापरण्यास प्रतिबंध करणाऱ्या साधनांसाठी 'ई ०५ बी १३' हा स्वतंत्र गट आहे.

ही साधने प्रवाशांना विशेष उपयोगी होती. दाराला खिळा न मारता, कुलूप न बदलता, परक्या खोलीत ती वापरता येत आणि सकाळी खिशात घालून पुढे जाता येई.

सिलिंडर कुलपांनंतर

लायनस येल (धाकटा) याने १८६१ व १८६५ साली एकस्व घेतलेल्या, सुयांच्या रचनेवर चालणाऱ्या कुलपांतून आजचे सिलिंडर कुलूप रूढ झाले. त्यातील किल्लीचे छिद्र आरपार नसते. बाहेरून आतली किल्ली दिसत नाही व चिमटा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे तारेची अडकण हळूहळू मागे पडली. जुन्या घरांत, आतल्या खोल्यांच्या दारांना व कपाटांना आरपार छिद्राची कुलपे अजूनही आढळतात.

मूळ प्रश्न मात्र दुसऱ्या रूपात उरला आहे. ब्रिटनमधील घरांच्या दारांना टपाल टाकण्यासाठी आडवी फट असते. त्या फटीतून काठी किंवा आकडा घालून आतली किल्ली ओढणे वा फिरवणे हा चोरीचा परिचित प्रकार आहे, म्हणून रात्री किल्ली कुलपात ठेवू नये असा सल्ला तेथील पोलीस देतात. याउलट, युरोपात प्रचलित असलेल्या दुहेरी सिलिंडरमध्ये आत किल्ली लावलेली असताना साध्या रचनेत बाहेरून दुसरी किल्ली पूर्ण आत जात नाही. येथे आतली किल्ली स्वतःच अडकणीचे काम करते.

सुरक्षितता आणि सुटका

अडकणीची खरी मर्यादा येथेच दिसते. चोराला अडवणारी वस्तू मदतीला धावलेल्या माणसालाही अडवते. घरात एकटे राहणारे वृद्ध आतून किल्ली अडकवून झोपले आणि रात्री पडले किंवा बेशुद्ध झाले, तर नातेवाइकाजवळची दुसरी किल्ली निरुपयोगी ठरते व दार फोडण्यावाचून मार्ग राहत नाही. जर्मनीत व अन्यत्र यासाठी आत किल्ली असतानाही बाहेरून उघडणारे विशेष सिलिंडर मिळतात. एकट्या वृद्धांच्या घरी तेच बसवणे अधिक शहाणपणाचे.

आगीच्या वेळी प्रश्न उलटा होतो. चोराच्या भीतीने किल्ली काढून दूर ठेवली तर धुरात ती सापडणे कठीण. या दृष्टीने पाहता किल्ली कुलपातच ठेवून तिला बाहेरच्या हातापासून वाचवणारी अडकण ही दोन भयांमधली चांगली तडजोड होती: आतला माणूस तार वर उचलून क्षणात दार उघडू शकतो, आणि अंधारातही तार हाताला लागते. ब्रिटिश मानकांत आज हा भेद स्पष्ट केलेला आहे. 'बीएस ३६२१' प्रकारच्या कुलपाला आतूनही किल्ली लागते, तर 'बीएस ८६२१' प्रकारचे कुलूप आतून किल्लीवाचून उघडते.

महाराष्ट्रातील स्थिती

मराठी मुलखातील पारंपरिक घरांत अडकणीची गरज सहसा पडली नाही, कारण तेथे आतून बंद करण्याचे काम कुलपाकडे नव्हतेच. वाड्याच्या मोठ्या दाराला आतून अडसर घालत. भिंतीतील पोकळीत सरकणारा हा लाकडी दांडा दाराच्या पाठीशी आडवा येई. खोल्यांना कडी, खिटी किंवा आडणा असे. कुलूप लागे ते बाहेरून, कडी-कोयंड्यात, घर सोडून जाताना, आणि त्याची किल्ली माणसाबरोबर जाई. छिद्र आरपार नसल्याने चिमट्याला वाव नव्हता.

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला आणि देशी बनावटीची भक्कम कुलपे मिळू लागली. दारात बसवायची आरपार छिद्राची कुलपे इंग्रजी वळणाचे बंगले, कचेऱ्या व हॉटेले यांबरोबर आली. पुढे शहरांतील सदनिकांत नाइट लॅच रूढ झाले. ते बाहेरून किल्लीने व आतून खटक्याने उघडते, त्यामुळे आत किल्ली ठेवण्याचे कारणच राहत नाही. त्याची अडचण वेगळी आहे: दार वाऱ्याने बंद होते आणि किल्ली घरात राहते.

रहस्यकथांतील उल्लेख

आतून बंद असलेल्या खोलीतील खून हा इंग्रजी रहस्यकथांचा आवडता विषय आहे. त्यात आत लावलेली किल्ली बाहेरून चिमट्याने किंवा दोऱ्याने फिरवणे ही युक्ती इतकी वापरली गेली, की जॉन डिक्सन कार यांच्या 'द हॉलो मॅन' (१९३५) या कादंबरीत डॉ. गिडियन फेल हे पात्र अशा खोल्यांवर व्याख्यान देताना दारातील किल्लीशी केलेल्या खटपटीचा समावेश जुन्या, सर्वांना ठाऊक झालेल्या क्लृप्त्यांत करते. दाराच्या मुठीवर तार लोंबत असती तर यांतील बहुतेक कथांच्या लेखकांना दुसरी युक्ती शोधावी लागली असती.